मिटलेलं तोंड

चमचा ईश्वरीच्या दाताला लागला तेव्हा अगदी बारीक आवाज झाला, बशीला कप टेकावा तेवढाच. कचरूनं तिचे दोन्ही हात आपल्या डाव्या मुठीत धरले होते आणि उजव्या हातानं नाचणीची पेज तिच्या ओठांमधून आत रेटली होती. दहा महिन्यांच्या पोरीची दोन्ही मनगटं त्याच्या एका मुठीत मावत होती आणि तरी मुठीत जागा उरत होती. आता ही रडणार, असं वाटून तो थांबला. ती रडली नाही. तोंडातली पेज तिनं जिभेनं हळूहळू बाहेर ढकलली, ती हनुवटीवरून गळ्यातल्या फडक्यावर उतरली, आणि त्या मातकट ओघळात एक लाल रेघ दिसली, दोऱ्याएवढी. ईश्वरी त्याच्याकडे बघत होती. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी नाही. घरात कोणी नवीन माणूस आला की ती आईच्या खांद्यामागून बघते, तशी. फक्त आत्ता तिला मागे लपायला खांदा नव्हता. कचरूनं मूठ सोडली. तिच्या गोऱ्या मनगटांवर त्याच्या बोटांचे ठसे होते, ते बघता बघता पुसट झाले. त्याचा हात मात्र तसाच वाकलेला राहिला. तेहेतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरून बोटं आता पूर्ण सरळ होत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. ती एवढी घट्ट मिटतात, हे ठाऊक नव्हतं.

त्यानं ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, हिरडी बघितली. रक्त थांबलं होतं. जखम अशी नव्हतीच, नखाएवढा ओरखडा. तिला उचलून तो मस्तगड भागातल्या त्या दोन खोल्यांतून फेऱ्या मारत राहिला. सकाळचे साडेदहा वाजले होते. खालच्या दुकानांची शटरं वर जात होती, कोणीतरी पायरीवर पाणी मारत होतं. त्याची लेक अर्पिता नऊलाच बियाण्यांच्या कंपनीत गेली होती. तिथल्या प्रयोगशाळेत ती दिवसभर ओल्या कागदावर दाणे मांडून शंभरातले किती उगवले ते बघते. जावई हरिओम वाळूजला कामाला, तो रविवारचा येणार. दिवाळीपर्यंत पोरीला सांभाळायला साळूबाई होती, ती लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली आणि तिकडंच राहिली. तेव्हापासून दिवसा घरात दोघंच, बासष्ट वर्षांचा आजोबा आणि दहा महिन्यांची नात. आंघोळ घालणं जमलं, झोळीत झोपवणं जमलं, लंगोट बदलणंही जमलं. खाणं तेवढं जमेना. चांदीचा चमचा झाला, स्टीलचा झाला, अर्पितानं मागवलेला मऊ रबराचा हिरवा चमचाही झाला. पेज, मुगाची खिचडी, वरणभाताचं खिमट, काहीही असो, चमचा समोर आला की ईश्वरी तोंड मिटायची आणि मान भिंतीकडे फिरवायची. दूध तेवढं प्यायची. गेल्या आठवड्यात दवाखान्यात तिला काट्यावर ठेवलं, तर दोन महिन्यांपूर्वीचाच आकडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नुसत्या दुधावर भागणार नाही, पंधरा दिवसांनी परत दाखवा. रिक्षात अर्पिता बाळाच्या टाळूवर हात ठेवून बाहेर बघत होती आणि आपली लेक एवढी वाळली कधी, असं कचरूच्या मनात येऊन गेलं.

अर्पिता एवढी असताना काय खायची? फेऱ्या मारता मारता हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि तो खिडकीपाशी उभा राहिला. आठवेना. थोडं आठवतं, बाकीचं विसरलो, असंही नव्हतं; तिथं काहीच नव्हतं. त्या वर्षांतलं बाकी सगळं जागच्या जागी होतं. हसनाबादची मुक्कामी गाडी, तिचा कडक क्लच, पावसाळ्यात वाहून जाणारा फरशीपूल, रोज त्याच बोरीखाली हात करणारा मास्तर. गाडी संध्याकाळी हसनाबादला लागायची आणि सकाळी सहाला सुटायची, म्हणून तिथंच खोली घेऊन त्यानं बिऱ्हाड केलं होतं. अकरा वर्षं. अर्पिता तिथंच झाली, तिथंच चालायला लागली. कचरू संध्याकाळी घरी यायचा, हातपाय धुवायचा, त्याची बायको गोजरबाई ताट वाढायची. ताट आठवत होतं, ठेचा आठवत होता, भाकरीवर पडलेला कंदिलाचा उजेडसुद्धा आठवत होता. पोरगी आठवत नव्हती. तो जेवत असताना पोरगी कुठं असायची? एवढंच आठवलं की त्याचं जेवण झाल्यावर गोजरबाई शेजारच्या ओट्यावरून पोरीला कडेवर घेऊन यायची आणि येता येता पदरानं पोरीचे हात पुसायची. बायका बसल्या असतील गप्पा मारत, असं त्याला तेव्हा वाटायचं. वाटायचं असंही नाही. तो विचारच करत नव्हता.

गोजरबाईला जाऊन अडीच वर्षं झाली होती. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत खेळ संपला. तिनं नात बघितली नाही. ती गेल्यावर कचरू चहा करायला शिकला, भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकऱ्या नकाशासारख्या व्हायच्या, आता बऱ्यापैकी गोल होतात. पण दिवसातून एकदा तरी त्याच्या तोंडात "अगं" येऊन थांबायचं. अगं, सुई कुठं ठेवली? अगं, साबुदाणा किती वेळ भिजवायचा? पुढचं वाक्य जिभेवर तयार असायचं आणि समोर फक्त स्वयंपाकाचा ओटा, त्याच्यावरचा पांढरा दिवा. हळूहळू त्यानं त्या वाक्यांची उत्तरं स्वतःच शोधली. सुई सापडली, साबुदाणाही भिजला. आज पहिल्यांदा असं काही विचारायचं होतं की जे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. ईश्वरी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली होती आणि झोपेतही तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. अगं, पोरीला काय देत होतीस? तो मनातल्या मनात म्हणाला. मग गोजरबाईसारखा हळू आवाज काढून उत्तर द्यायचाही त्यानं प्रयत्न केला. पण तिला जे म्हणायचं असेल ते त्याला ठाऊकच नव्हतं, तर ती बोलणार कशी?

तेव्हा त्याला तो शेजारचा ओटा पुन्हा आठवला, आणि ओट्याबरोबर त्या घरातली मैमूनाभाभी.

संध्याकाळी त्यानं अर्पिताला सांगितलं, "उद्या हसनाबादला जाऊन येतो. ईश्वरीला घेऊन."

"एवढ्या लहान लेकराला घेऊन? एसटीनं?" अर्पितानं पर्स खांद्यावरून उतरवलीसुद्धा नव्हती. "काय काम काढलं, अण्णा?"

"मैमूनाभाभीला भेटून येतो."

ती काहीतरी बोलणार होती. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आईची आठवण येऊ राह्यली का?"

कचरू हो म्हणाला. ते खोटं नव्हतं. हिरडीबद्दल मात्र त्यानं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत तो मधल्या ओळीत बसला, खिडकीशी. आयुष्यात या रस्त्यावरून तो कितीदा गेला असेल, पण कधी बाजूच्या खिडकीतून बघितलं नव्हतं. समोरच्या काचेतून रस्ता आपल्याकडे येतो. इथून तो नुसता मागे जात होता. कापसाची शेवटची वेचणी चालली होती, बायका कंबरेला ओटी बांधून सऱ्यांमधून वाकलेल्या दिसत होत्या. ड्रायव्हर पोरगेला होता, गिअर उशिरा बदलत होता, आणि प्रत्येक चढाला कचरूचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. ईश्वरी मांडीवर उभी राहून खिडकीचा गज चाटत होती. तिनं गज चाटला, त्याच्या सदऱ्याचं बटण चोखलं, तिकीट तोंडात घातलं, शेजारच्या म्हातारीच्या पिशवीचा बंद चावला. जगातली प्रत्येक गोष्ट तिला तोंडात हवी होती. हे तो रोज बघत होता आणि रोज तिच्या हातातून काढून घेत होता. आजही बंद सोडवून घेता घेता त्याचा हात मधेच थबकला. काहीतरी जाणवलं, पण नेमकं काय ते कळायच्या आत गाव आलं.

हसनाबादच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला होता. ते जिथं राहायचे ती खोली पाडून मालकानं दुमजली घर बांधलं होतं. शेजारचं मैमूनाचं घर मात्र तिथंच होतं, पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, बाहेर तोच दगडी ओटा. ती आत चौकटीजवळ बसली होती, पासष्टीची, वजनानं उतरलेली, डोळ्यांना जाड भिंगं. तिनं आधी लेकराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कचरूभाई?" ती म्हणाली. "या अल्ला. आओ, अंदर आओ. ही कोण, अर्पूची?"

"अर्पूची."

"द्या इकडं." तिनं हात पुढे केले आणि ईश्वरी, जी परक्याकडे जात नाही, ती गेली. मैमूनानं तिचा वास घेतला, तिची कानशिलं बघितली, आणि एकदम भिंगांच्या मागे तिचे डोळे भरून आले. "गोजरचं कपाळ हाये," ती म्हणाली. कचरूनं मान हलवली. त्याला ते दिसलं नव्हतं. आता दिसलं, आणि मग त्याला त्या कपाळाकडे बघवेना.

गोजरबाईच्या शेवटच्या दिवसांचं बोलणं झालं. मैमूनाला निरोप चार महिन्यांनी कळला होता, कोणी कळवलंच नव्हतं. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "मी आले असते." मग कचरूनं खाण्याचं सांगितलं. चमचे सांगितले, काट्यावरचा आकडा सांगितला. हिरडीचं सांगायला तोंड उघडलं आणि बराच वेळ तो नुसता बांगड्यांच्या खोक्यांकडे बघत बसला. शेवटी सांगितलं. ही पहिलीच व्यक्ती जिला त्यानं ते सांगितलं. मैमूनानं ईश्वरीचा खालचा ओठ अंगठ्यानं हलकेच उघडून आत पाहिलं.

"भरून आलं," ती म्हणाली. "जेवलात का तुम्ही?"

"मी पोरीचं विचारू राह्यलो, भाभी."

"तेच सांगू राह्यले. जेवलात का?"

तिनं आतून दोन थाळ्या आणल्या. ज्वारीची भाकरी, वरण, आणि उकडलेला लाल भोपळा. सून कामाला गेली होती, भोपळ्याला अजून फोडणी द्यायची होती. एक थाळी कचरूसमोर ठेवली, दुसरी स्वतःसमोर. ईश्वरीला दोघांच्या मधे फरशीवर बसवलं, पाठीला लोड लावून, सरळ. आणि तिच्याकडे न बघता ती जेवायला लागली. कचरूनंही घास मोडला. ईश्वरी एकदा तिच्या हाताकडे बघायची, एकदा त्याच्या तोंडाकडे. थाळीतून हात वर जातो, तोंड उघडतं, हात खाली येतो. मग ती पुढे झुकली आणि कचरूच्या थाळीत तिनं पंजा मारला. वरण त्याच्या धोतरावर उडालं. काही कळायच्या आत त्याच्या डाव्या हातानं तिचा हात मनगटापाशी पकडून बाजूला केला होता.

"राहू द्या," मैमूना म्हणाली.

"सांडू राह्यली ती."

"सांडू द्या, कचरूभाई. हात सोडा तिचा."

त्यानं सोडला. मैमूनानं भोपळ्याची एक फोड घेतली, साल काढली, बोटाएवढी लांब ठेवली आणि दोन बोटांत दाबून त्याला दाखवली. "असं दाबलं की दबलं पाह्यजे. एवढंच बघायचं. भोपळा, रताळं, बटाटा, गाजर पार मऊ शिजवून. पिकली पपई, केळं. भाकरी वरणात भिजवून. मुगाचं धिरडं केलं तर त्याच्या पट्ट्या. शेंगदाणा न्हाई, फुटाणा न्हाई, कच्चं गाजर न्हाई. आणि हातात द्यायचं, तोंडात न्हाई." फोड तिनं ईश्वरीच्या समोर फरशीवर ठेवली. ईश्वरीनं ती उचलली, पिळली, अर्धी बोटांतून बाहेर आली, उरलेली तिनं गालाला लावली, मग नाकाला, मग तोंड सापडलं. एकदम तिला उबळ आली, डोळे मोठे झाले, जीभ बाहेर. कचरू उठून उभाच राहिला.

"बसा. आवाज येऊ राह्यला ना? खोकू राह्यली ना? तिचं ती काढंल. आवाज बंद झाला तर उठायचं, मंग बिलकुल थांबायचं न्हाई."

ईश्वरी दोनदा खोकली, घास पुढे आला, आणि तिनं तो पुन्हा आत घेतला. चावला. दोन दातांनी आणि नुसत्या हिरड्यांनी. गिळला. मग दुसरा हात पुढे केला. कचरू बसला. पोरगी भिजलेल्या भाकरीचा तुकडा मुठीत धरून मुठीच्या मागून खाण्याचा प्रयत्न करत होती आणि घशातून कसलासा गुणगुणल्यासारखा आवाज काढत होती. हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

"अर्पू पण अशीच होती," मैमूना म्हणाली. "चमचा बिलकुल चालत नव्हता तिला. इथं बसून खायची, बाहेरच्या ओट्यावर. गोजरच्या थाळीत."

"इथं का?"

मैमूना भाकरीचा पापुद्रा काढत राहिली. "तुम्हाला याद न्हाई?"

"न्हाई."

"एकदा तुम्ही जेवत व्हता. पोरीनं तुमच्या ताटात हात घातला, आत्ता हिनं घातला तसा. तुम्ही असाच बाजूला केला अन् म्हणले, हिला उचल आधी. मारलं-बिरलं न्हाई हां तुम्ही. थकून आल्ते. पण त्याच्यानंतर तुमची गाडी यायच्या टाइमाला गोजर पोरीला घेऊन इथं यायची. तुम्हाला वाढून यायची. म्हणायची, दिवसभर गाडी हाणतेत, दोन घास सुकानं खाऊ द्या त्यांना." मैमूनानं ईश्वरीच्या केसातलं भोपळ्याचा कण काढला. "गाऱ्हाणं कधी केलं न्हाई तिनं. फक्त एक बात रोजची होती. पोरीनं नवीन काही खाल्लं की खूश व्हायची. आज अख्खा बटाटा खाल्ला, आज रताळं खाल्लं. अन् म्हणायची, आपा, आज त्यांनी विचारलं ना, पोरीनं काय खाल्लं म्हणून, तर सांगते. रोज म्हणायची. मंग पोरीचे हात पुसत पुसत घरी जायची."

कचरूनं विचारलं, "मंग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी मी विचारायचे, पूछा क्या? ती हसायची."

बाहेरून कोणी बाई हिरव्या बांगड्या मागायला आली, मैमूना उठून तिच्याकडे गेली. कचरू थाळीसमोर बसून राहिला. त्याला आता ते सगळं दिसत होतं: ओट्यावरून येणारी गोजरबाई, कडेवर पोरगी, पदरानं हात पुसणं. खोलीच्या दारात ती क्षणभर थांबायची. होय, थांबायची. पाण्याचा तांब्या हवा का, असं विचारल्यासारखं त्याच्याकडे बघायची. तो सुपारी कातरत असायचा. ती का थांबली, असं त्याला कधी वाटलं नाही. अकरा वर्षांत एखाद्या दिवशी, नुसतं बोलायचं म्हणून, काही न सुचून, त्यानं विचारलं असतं, काय खाल्लं गं पोरीनं, तर ती बसली असती. मांडी घालून बसली असती आणि सांगितलं असतं. किती वेळ सांगितलं असतं? त्याला ते ऐकावंसं वाटलं. अख्ख्या आयुष्यात दुसरं काही इतकं ऐकावंसं वाटलं नव्हतं. बटाटा कसा धरला, किती सांडला, साल काढली होती की नाही. ज्या आवाजात ती हे सांगणार होती, तो आवाज त्यानं ऐकलेलाच नव्हता. तीस वर्षांच्या संसारात तिच्याजवळ असा एक आवाज होता, आणि तो इथल्या या बाईला माहीत होता.

ईश्वरीनं वरणानं माखलेला हात त्याच्या गुडघ्यावर टेकवला आणि उभं राहायचा प्रयत्न केला. त्यानं तिला आधार दिला, पण हात धरला नाही.

निघताना मैमूनानं पिशवीत चार रताळी घातली. "आता तरी कळवत जा," ती म्हणाली. "अर्पूला घेऊन या एकदा. तिला म्हणावं, तिचे लहानपणचे सगळे किस्से माझ्याकडं हायेत. ते ऐकणारी गेली, तर मी कुणाला सांगू?" कचरूनं तिचा नंबर फोनमध्ये घातला, दोनदा तपासला. परतीच्या गाडीत ईश्वरी झोपली, पोट वर करून, तोंड अर्धवट उघडं. तो तिच्याकडे बघत राहिला. रस्त्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

अर्पिता साडेसहाला आली. तेव्हा स्वयंपाकघरात जुनी चादर पसरलेली होती, तिच्यावर ईश्वरी आणि समोर कचरू, मधे ताट. रताळ्याच्या फोडी, मऊ भात, वरणातली भाकरी. पोरीच्या भुवयांपर्यंत रताळं लागलं होतं. अर्पिता दारातच थांबली.

"स्वतः खाऊ राह्यली?"

"सकाळपासून दोनदा. भोपळा खाल्ला, भाकरी खाल्ली. रताळ्याच्या दोन फोडी, तिसरी चालू हाये. थोडं सांडतं." मग तो म्हणाला, "अर्पे, काल माझ्या हातून तिच्या हिरडीला चमचा लागला. रक्त आलं. मी हात धरले होते तिचे. तुला सांगितलं न्हाई."

अर्पिता चादरीच्या कडेला येऊन बसली, चपला पायातच होत्या. ईश्वरीनं तिच्याकडे बघून रताळ्याची मूठ हलवली. "गेल्या रविवारी," अर्पिता म्हणाली, आवाज अगदी बारीक, "हरिओम बाहेर गेल्ता, तुम्ही झोपले होते. मी ओढणीनं बांधले होते तिचे हात. वजनाच्या भीतीनं. दोन मिनिटं. मंग सोडले." ती रडू लागली नाही, पण तिची हनुवटी थरथरत होती आणि ते थांबवायला तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. तीस वर्षांची बाई, दिवसभर उभी राहून आलेली, डोळ्यांखाली काळं. मैमूनाकडे काय झालं, कोणता ओटा, कोणतं ताट, हे सगळं तिला सांगायचं आहे, हे कचरूला माहीत होतं. ते तो सांगणार होता. पण आधी दुसरंच काहीतरी विचारायला हवं होतं, आणि ते विचारताना त्याला इतकी लाज वाटली की तो ताटाकडे बघत राहिला.

"तू आज काय खाल्लंस?"

"मी?" ती म्हणाली. तिला वाटलं, तो काही भलतंच विचारतोय. "डबा नेला होता ना."

"हां. काय काय खाल्लं पण?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं चपला काढल्या, मांडी घातली, पदर नसलेल्या त्या कामावरच्या कुडत्याला हात पुसले आणि म्हणाली, "अर्धीच पोळी खाल्ली. मेथी होती. सकाळी घाईत तिच्यात मीठच टाकायचं राह्यलं."

"मंग?" कचरू म्हणाला.